कोपऱ्यावरचा थांबा

पालिकेच्या इमारतीत तळघराचा जिना उतरताना आधी वास येतो. सरसाचा, ताज्या कापलेल्या लाकडाचा, वाळत घातलेल्या रंगाचा. त्या वासाचा माग काढत गेलं की एक लांबट खोली लागते आणि तिथं ठोकळे बसलेले असतात. ठोकळे हे त्यांचं आडनाव नव्हे. पालिकेला कुठं नवी वसाहत, नवा बाजार उभा करायचा असला की आधी त्याची टेबलावर मावेल एवढी प्रतिकृती होते, आणि ती हे करतात. घरांसाठी लाकडाचे ठोकळे कापता कापता माणसाचंच नाव ठोकळे पडलं. बायकोसुद्धा चिडली की म्हणते, "अहो ठोकळे, जेवायचंय की नाही?"

हात मात्र असा की बघत राहावं. काळपट पॉलिश पेपरचे रस्ते. भांडी घासायचा स्पंज कुरतडून, हिरव्या रंगात बुचकळून तारेवर खोचला की झाड. आणि माणसं टाचण्यांची. टाचणीचं डोकं तेच माणसाचं डोकं, बाकी अंग रंगीत दोऱ्याचं, घट्ट गुंडाळलेलं. पाय मात्र जरा लांबच करायचे, नाहीतर लांबून माणूस म्हणजे भिंतीवरचा डाग वाटतो.

या खोलीत दोन नकाशे येत. घरं कुठं, दुकानं कुठं, शाळा कुठं, हा नकाशा तिसऱ्या मजल्यावरच्या नियोजनाच्या मॅडमकडून. रस्ते कसे, बस कुठून कुठं, हा तळमजल्यावरच्या वाहतुकीच्या साहेबांकडून. साहेब कधी वर गेले नाहीत, आणि मॅडम खाली आल्या तर थेट घरी जायलाच. नमस्कार-चमत्कार व्हायचा तो फाटकात. त्यामुळं घरांची आणि रस्त्यांची पहिली भेट व्हायची ती ठोकळ्यांच्या फळीवर, आणि ती नेहमी गोडीगुलाबीची असायचीच असं नाही. एखादं घर रस्त्यात पाय पसरून बसलेलं असायचं. मग ठोकळे मधे झाड लावत. झाड लावलं की भांडण मिटतं, निदान फळीवर तरी.

त्यांना हे काम शिकवणारा म्हातारा सुतार दोन गोष्टी सांगून गेला होता. एक, सरस थंड होऊ देऊ नकोस. दुसरी, रिकामा कोपरा सोडू नकोस. रिकामा कोपरा म्हणजे दात पडलेलं तोंड. ठोकळ्यांनी दोन्ही जन्मभर पाळल्या. नकाशात कोपरा कोरा आला की ते तिथं काहीतरी बसवत. पाण्याचा नळ, पडवी, घसरगुंडी. कुणी कधी हरकत घेतली नाही. साहेब लोक म्हणायचे, वा, जिवंत वाटतंय.

तिसरी एक सवय त्यांची स्वतःची होती आणि ती बायकोलाही ठाऊक नव्हती. प्रत्येक प्रतिकृतीत ते जांभळी पिशवी घेतलेली एक बाई ठेवत. कधी शाळेच्या दारात, कधी बागेतल्या कट्ट्यावर. ती त्यांची ताई.

आई लवकर गेली, बाप कामाच्या मागं. धाकट्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. स्वतः शाळा सोडून शिवणाच्या दुकानात लागली. तिच्या खांद्याला कायम एक जांभळी पिशवी, कात्री, टेप आणि भावाचा डबा एकत्र नांदवणारी. फाटली की ती पुन्हा जांभळ्याच कापडाची शिवायची. रंग का बदलत नाहीस विचारलं तर म्हणायची, "गर्दीत तुला मी दिसायला नको का?" आता तिची साठी उलटली होती, उजवा गुडघा रोज सकाळी रुसून बसायचा, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जुन्या बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात तिची खुर्ची तीच होती. उसवलेलं, तोकडं झालेलं, कुणाच्या अंगाला न बसणारं सगळं तिच्याकडं यायचं. ती म्हणायची, "नवं कुणीही शिवेल. बिघडलेलं शिवायला अक्कल लागते."

तर झालं असं, की ताई राहायची ती गल्ली रस्ता रुंद करण्यात जाणार होती. लोकांना दोन वसाहती दाखवल्या. एक जवळची, पण खोल्या अशा की पाय पसरले तर भिंतीला लागावेत. दुसरी लांबची, गावाच्या दक्षिण टोकाला. खोल्या ऐसपैस, खिडकीत ऊन. कुणाला कुठली हवी ते सांगायचं होतं. त्यासाठी दोन्हींच्या प्रतिकृती नगरभवनात मांडल्या.

लांबच्या वसाहतीची प्रतिकृती करताना ठोकळ्यांच्या हातात घरांचा नकाशा भरगच्च होता, रस्त्यांचा खालून आलाच नव्हता. मॅडमच्याच नकाशात फाटकातून आत जाणारा एक रस्ता, त्यावर त्यांनी काढलेला फुलांचा गोल वाफा, आणि पुढं डाव्या हाताला एक मोठा मोकळा कोपरा. त्यावर नुसतं 'राखीव' लिहिलेलं. दात पडलेलं तोंडच. ठोकळ्यांच्या टेबलावर लाल प्लॅस्टिकचा एक तुकडा उरला होता. त्याचं छप्पर केलं, खाली काडीचं बाक, शेजारी खांब. बसथांबा झाला. रिकामा थांबा बरा दिसेना, म्हणून बाकावर जांभळ्या पिशवीची बाई बसवली. लांब उभं राहून बघितलं. तोंड भरल्यासारखं वाटलं. मॅडम बघून म्हणाल्या, "छान उठाव आला." झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी ठोकळे कधी थांबायचे नाहीत. लोक बोटं लावतात, झाडं उपटतात. त्यांना ते बघवायचं नाही. ते तळघरात बसून राहिले आणि इकडं नगरभवनात ताई प्रतिकृतीपुढं उभी राहिली. चष्मा लावला. वाकली. आणखी वाकली. बाकावर बाई. बाईच्या खांद्याला जांभळी पिशवी.

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचा बारक्या लहानपणापासून तोंडानं कमी बोलायचा आणि हातानं जास्त. म्हणजे त्यानं सांगितलंय तर. नोकरीत राहून उघड सांगता येत नाही, म्हणून असं सांगितलंय: ताई, ही घे, इथं बस येते. तिनं त्याला विचारलंही नाही. उगाच कुणाच्या कानावर गेलं तर भावाच्या पोटावर पाय यायचा. शेजारच्या चावीवाल्याला फक्त डोळा मारून म्हणाली, "लांबचीच घ्या. मी काय हवेत सांगत नाही." चावीवाल्यानं ते आणखी चौघांना सांगितलं. ताईचा भाऊ पालिकेत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतंच.

ताईनं लांबची वसाहत घेतल्याचं ठोकळ्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "लांब नाही का ग पडणार?"

ताई नुसती हसली. "तू आहेस ना!"

भावाला वाटलं, माया. आणि तो विषय तिथंच संपला.

*

नव्या घरात सामान लागलं त्या दिवशी ठोकळे बायकोला घेऊन गेले. खोलीत खरंच ऊन होतं. ताईनं चहा दिला, खिडकी उघडून दाखवली, कपाटाचं दार उघडून दाखवलं, आणि मग पदर खोचून विचारलं, "बरं, आता बस कधीपासून?"

"कुठली बस?"

"कुठली म्हणजे? कोपऱ्यावरची. लाल छपराची."

ठोकळ्यांनी कप बशीवर ठेवला. ताई अजून हसतच होती. "अरे, ओळखलं मी. पिशवीवरून ओळखलं. कुणाला सांगितलं नाही हो, घाबरू नकोस. फक्त चावीवाल्याला."

भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला बघून ताईचं हसू एकेक टाका उसवावा तसं उसवत गेलं.

"बारक्या. बस येणारे ना?"

"ताई, ते... कोपरा रिकामा होता ग."

"म्हणजे?"

"म्हणजे बरं दिसावं म्हणून लावला."

ताई म्हणाली, "आणि मी? मी पण बरं दिसावं म्हणूनच का?"

"वन्सं..." ठोकळ्यांची बायको मधे पडायला गेली.

"तू थांब ग. भांडं याच्या हातून फुटलंय, तुकडे तू नको वेचू." ताईनं कप उचलले. "चला, मला उद्याची तयारी करायचीये. लवकर निघावं लागेल."

ती तयारी कसली ते ठोकळ्यांनी नंतर एकदा मागं मागं चालून बघितलं. फाटकातून बाहेर. मग एका बंद पडलेल्या गोदामाची लांबलचक भिंत, तिच्या कडेनं खडबडीत पायवाट. मग मोठा रस्ता, ज्याच्यावर गाड्या अशा सुटलेल्या की ओलांडायचं तर जीव मुठीत नाही, दातांत धरावा. ओलांडायची जागा आणखी पुढं. तिथून परत मागं येऊन बसथांबा. ताई भिंतीला हात लावत लावत चालत होती. मधेच थांबायची, गुडघा दाबायची, पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घ्यायची. हाक मारायचा धीर ठोकळ्यांना झाला नाही.

शिंपीमालक माणूस वाईट नव्हता. पण ताई रोज उशिरा पोचायला लागली तसं तोही कुरकुरला. "ताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण गिऱ्हाईक दार उघडायच्या आधी येऊन उभं राहतं, त्याला मी काय दाखवू, तुमची खुर्ची? महिनाअखेरीपर्यंत बघू." महिनाअखेरीनंतर काय, हे तो बोलला नाही, आणि ताईनंही विचारलं नाही.

ठोकळ्यांची बायको म्हणाली, "वन्सं, आमच्याकडंच या ना राहायला."

"भावाच्या घरी पाहुणी गोड, रोजची कडू," ताई म्हणाली. "आणि जन्मात पहिल्यांदा खिडकीत ऊन आलंय माझ्या. ते काय याला टाचणीनं लावून देता येणारे का दुसरीकडं?"

याला म्हणजे ठोकळ्यांना. समोर असूनही ती आता भावाशी थेट बोलत नव्हती.

*

ठोकळे तिसऱ्या मजल्यावर गेले. मॅडमच्या टेबलावर वसाहतींचे नकाशे गुंडाळ्या करून लाटण्यांसारखे रचलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"ठोकळे, मी घरं ठेवते. माणसं दाराबाहेर पडली की ती खालच्यांची. बस माझ्या हातात असती तर मी आधी ती आणली असती आणि मग घरं."

"पण मॅडम, त्यांना कुणी सांगितलंय का, की तिथं वस्ती झालीये?"

"कळत नाही का त्यांना? एवढी घरं झाली!"

ठोकळे तळमजल्यावर आले. साहेबांच्या मागच्या भिंतीवर बसमार्गांचा मोठा नकाशा होता, रंगीत दोरे ताणून खिळ्यांना बांधलेला. साहेबांनी दक्षिणेकडं बोट नेलं, आणखी खाली नेलं, नकाशाच्या चौकटीवर नेलं.

"तुमची वसाहत आमच्याकडं बघा इथं आहे. भिंतीवर. चुन्यात." ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "वस्ती असली की बस जाते, ठोकळे. वस्ती झाल्याचं मला कळवायला नको? घरं आधी कुणाला विचारून बांधतात आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात. आणि समजा पाठवली. फाटकातून आत गेली. वळणार कुठं? समोर म्हणे फुलांचा ओटा. बस काय म्हैस आहे, जागच्या जागी तोंड फिरवायला?"

"कोपरा मोकळा आहे साहेब."

"कोपरा वरच्यांचा. वरच्यांनी मला विचारावं, मी सांगेन."

ठोकळे आठवडाभर जिना चढत-उतरत राहिले. वरचा निरोप खाली, खालचा वर. एक गोष्ट मात्र त्यांनी ना वर सांगितली ना खाली: तो थांबा आपण मनानं लावला. दर वेळी ओठांवर यायची आणि परत गिळली जायची.

तोवर चावीवाल्यानं लोकांच्या सह्या घेऊन अर्ज ठोकला होता. प्रतिकृतीचा फोटो जोडून. पालिकेनं बसचा थांबा दाखवून आम्हाला इथं आणलं, आता बस द्या. सुनावणीची तारीख लागली. 'प्रतिकृतीसह हजर राहावे' असा निरोप तळघरात आला.

आदल्या दिवशी दुपारी ताईनं बोलावलं म्हणून ठोकळे गेले. चावीवाला आधीच येऊन बसला होता, कमरेला चाव्यांचा जुडगा, हलला की वाजायचा.

"हे बघा," तो म्हणाला, "कुलूप सोपं आहे. ते विचारणार, थांबा कुणी सांगितला? तुम्ही म्हणायचं, वरून सांगितला. खटकन उघडलं."

"वरून म्हणजे मॅडम."

"कुणी का असेना!"

"त्यांच्यावर चौकशी लागेल. त्यांनी सांगितलाच नव्हता."

तेव्हा ताई त्याच्याशी थेट बोलली, कितीतरी दिवसांनी. "मॅडमच्या गुडघ्याला सूज आहे का? मॅडम भिंत धरून चालते का? एक शब्द, बारक्या. तुझ्याकडं मी कधी काही मागितलंय? आज मागते. फक्त हो म्हण."

ठोकळे खाली बघत राहिले. ताईच्या पायाखाली स्टूल होतं, स्टुलावर उशी, उशीवर गुडघा. त्यांनी मान हलवली, पण ती कुठल्या बाजूला हलवली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

*

सुनावणीच्या खोलीत प्रतिकृती मधोमध टेबलावर ठेवलेली. एका बाजूला वसाहतीतली माणसं. समोर सुनावणी घेणारे अधिकारी, एक थकलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ. त्यांच्या उजवीकडं मॅडम, डावीकडं वाहतुकीचे साहेब. मधे दोन खुर्च्या रिकाम्या.

अधिकाऱ्यांनी लाल छपराकडं बोट दाखवलं. "मॅडम, हा थांबा आराखड्यात आहे?"

मॅडमचा आवाज बारीक झाला. "आराखड्यात दिसत नाही. पण प्रतिकृती माझ्या सहीनं गेली."

"मग हा लावायला कुणी सांगितलं?" त्यांनी ठोकळ्यांकडं बघितलं. "तुम्ही सांगा."

चावीवाल्याचा जुडगा वाजायचा थांबला. ठोकळ्यांनी ताईकडं बघितलं. ताई ओठ दाबून बसली होती, टाचण्या तोंडात धरून शिवताना बसायची तशी. मॅडम टेबलाच्या कडेला नखानं ओरखडे काढत होत्या.

"कुणीच नाही," ठोकळे म्हणाले. "मी लावला. कोपरा रिकामा दिसत होता. लाल तुकडा उरला होता."

खोलीत आधी काहीच झालं नाही, आणि मग एकदम सगळं झालं. चावीवाला उठून उभा राहिला. "अरे, भाऊ आहे का कोण हा? बहिणीला खड्ड्यात घातलं आणि वर माती पण लोटतोय!" कुणी म्हणालं, विकला गेलाय. कुणी म्हणालं, बघा, पालिकेचंच मीठ खाणार.

अधिकाऱ्यांनी हात वर केला. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "म्हणजे पालिकेनं थांब्याचं आश्वासन दिलेलं नाही. मला वाईट वाटतं, पण मग हा अर्ज..."

"थांबा हो साहेब."

ताई उठत होती. आधी टेबलाचा आधार घेतला, मग चावीवाल्याच्या खांद्याचा. उभी राहिल्यावर अधिकाऱ्यांकडं न बघता ती भावावर कडाडली.

"गाढवा! कोपरा रिकामा होता म्हणून लावलास ना?"

"हो."

"मग तो तिकडचा खरा कोपरा आता भरला का?"

"नाही. रिकामाच आहे."

"मग लावू दे की यांना! तुझी बसली टाचणीवर, यांची बसू दे चाकांवर! एवढी माणसं पोसलीत, एक कोपरा भरता येईना?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग वाहतुकीचे साहेब हसले आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. अधिकाऱ्यांनी मॅडमना विचारलं, "हा कोपरा कशासाठी राखीव आहे?"

"पुढच्या गरजेसाठी."

"कुठल्या गरजेसाठी?"

"ते ठरलेलं नाही."

"ठरवताना मला विचारलं असतं तर..." साहेब पुटपुटले.

"तुम्ही तरी कधी विचारलंत, कुठं घरं होतायत म्हणून?" मॅडम फणकारल्या. पण बोलता बोलता त्यांनी रिकाम्या खुर्च्यांपैकी एक ओढून घेतली, प्रतिकृती नीट दिसावी म्हणून. साहेबांनी दुसरी ओढली. त्यांनी ही वसाहत आज पहिल्यांदाच बघितली होती. बराच वेळ ते घरांच्या ओळी बघत राहिले, ओठ हलवत, जणू त्या ठोकळ्यांतून सकाळी किती माणसं बाहेर पडतील ते डोळ्यांनी चाळत होते.

"ठोकळे," ते म्हणाले, "या मापात बस केवढी होईल?"

ठोकळ्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि कात्री मागितली. ताईच्या पिशवीत होतीच; तिनं ती त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवली. पुठ्ठ्याची बस झाली. साहेबांनी ती बोटानं ढकलत फाटकातून आत आणली. सगळे उठून वाकून बघायला लागले, चावीवाल्यासकट. बस कोपऱ्याकडं वळायला गेली आणि तिचं ढुंगण फुलांच्या वाफ्यावर चढलं.

"जरा मागं घ्या," चावीवाला म्हणाला.

"बस आहे, हातगाडी नाही." साहेबांनी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. पुन्हा वाफा. त्यांनी बोट वर उचललं. "हा गोल नडतोय. नाहीतर कोपऱ्यात वळेल. लहान बस आरामात वळेल."

सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम वाफ्याकडं बघत होत्या.

"या अख्ख्या वसाहतीत," त्या हळूच म्हणाल्या, "घरं किती ते वरून ठरलं. मजले किती ते वरून ठरलं. भिंत कुठं ते गोदामवाल्यानं ठरवलं. एवढा एक गोल माझ्या मनानं काढला होता." मग ठोकळ्यांकडं वळून त्यांनी विचारलं, "निघेल का तो?"

ठोकळे गरम सरस वापरत. नख घालून ओढलं तेव्हा वाफा निघाला, पण रस्त्याचा टवका घेऊनच. मॅडमनी तो तळहातावर घेतला, स्पंजची दोन फुलं बोटानं सरळ केली, आणि घरांच्या मधल्या अंगणात एका जागी ठेवून बघितला. "इथं चालेल," त्या म्हणाल्या. पुठ्ठ्याची बस या खेपेला सुरळीत वळली आणि लाल छपरापाशी येऊन थांबली.

त्या दिवशी लगेच बस सुटली असं मात्र नाही. आधी कोपऱ्याचा वापर बदलायचा कागद फिरला, मग खरा वाफा हलवायला माणसं आली, मग साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाखाली चुन्यातच एक नवा खिळा ठोकला आणि तिथवर हिरवा दोरा ताणला. सकाळी आणि संध्याकाळी, लहान बस, चालतेय का बघू, एवढ्या बोलीवर. शिंपीमालकाला ताईनं एवढंच सांगितलं, "धीर धर, माझ्यासाठी गाव उकरतायत." तो तिचं हसं करायला गेला आणि मग खरंच उकरलेलं बघून आला. खुर्ची राहिली.

ठोकळ्यांना काय मिळालं? एक लेखी समज. यापुढं आराखड्यात नसलेली कोणतीही वस्तू प्रतिकृतीत दाखवू नये. खाली सही मॅडमची, कारण ती त्यांना करावीच लागली. तेव्हापासून ठोकळ्यांच्या प्रतिकृतींतले कोरे कोपरे कोरेच राहतात. बघायला कसंतरी होतं, पण आता कोपरा कोरा दिसला की वरच्या मॅडम खालच्या साहेबांना फोन करतात, असं शिपाई सांगतो.

जांभळ्या पिशवीची बाईही आता कुठं नसते. सुनावणी उठली तेव्हा ताईनं ती बाकावरून उपटून घेतली होती. "ही माझीये," म्हणाली, आणि पिशवीत टाकली. भावाशी मात्र एक शब्द बोलली नाही.

*

बस सुरू झाली. कोपऱ्यावर एक खांब आला, खांबावर पाटी. छप्पर पुढं कधीतरी, बाक त्याच्याही पुढं. ताई खांबाला टेकून उभी राहायची.

ठोकळ्यांनी मग बाक करायला घेतलं. खरं, माणसानं बसायचं. उभ्या आयुष्यात त्यांनी टीचभरापेक्षा मोठं काही केलेलं नव्हतं. घरामागच्या पडवीत फळ्या रंधताना बायको दारात येऊन म्हणाली, "जरा बेतानं. माणसाला बसायचंय ना? तुमची सवय पाखरांची." म्हणून या खेपेला लहान होऊ नये याची त्यांनी फार काळजी घेतली. प्रतिकृतीतलं बाक मोजलं, मापाच्या हिशेबानं वाढवलं, फळ्या कापल्या, लाल रंग दिला. साहेबांकडून तोंडी परवानगी आणली, आणि चावीवाल्याला गळ घालून एका सकाळी दोघांनी ते उचलून कोपऱ्यावर नेलं.

"सुनावणीत जे बोललो ते मागं घेतो असं समजू नका," चावीवाला वाटेत म्हणाला. "फक्त एक टोक धरतोय."

"तेवढं पुष्कळ," ठोकळे म्हणाले.

बाक टेकवलं तेवढ्यात ताई फाटकाकडून येताना दिसली. बाकाला तिनं एक फेरी घातली. फळीवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग पिशवी आधी ठेवली आणि पाठोपाठ स्वतः बसली. म्हणजे चढली म्हणा. पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर, लोंबकळत.

ठोकळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं. टाचणीच्या बाईचे पाय त्यांनी नेहमीसारखे लांब केले होते, लांबून दिसावेत म्हणून. त्या पायांना बसेल एवढंच उंच ते बाक होतं. खऱ्या माणसाचे पाय तेवढे नसतात.

"चुकलं ग," ते म्हणाले. "उंच झालं. उद्या करवत आणतो, कापून देतो."

ताईनं खाली बघितलं. पाय हलवले, एकदा पुढं, एकदा मागं, शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरीसारखे. भिंतीपलीकडून बसचा आवाज यायला लागला होता.

"राहू दे, बारक्या," ती म्हणाली. "लोंबकळले की गुडघा सुटल्यासारखा वाटतो."

मग बस कोपऱ्यात वळली, थांबली, आणि ताईनं उतरायला भावापुढं हात केला.